बद्रीनाथचा खालचा खण

फहमिदाचा तोंडी बोलण्यावर काडीचा विश्वास नव्हता. ही जन्मजात खोड नव्हे, तीन वर्षांत लागलेली. औरंगपुऱ्यात आप्पासाहेब काळवणे, सी.ए. यांच्या ऑफिसात ती शिकायला लागली, तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की ऑडिटरला कान नसतात, नुसते डोळे असतात. समोरचा काय म्हणतो ते ऐकून घ्यायचं, त्याचा चहा प्यायचा आणि मग कागद मागायचा. कागद डोळ्यांनी बघितला की वहीत पेन्सिलीनं टिक करायची. न बघता केलेली टिक म्हणजे खोटी साक्ष. ऑफिसात प्रत्येक आर्टिकलची, म्हणजे शिकाऊ पोराची, पेन्सिल वेगळ्या रंगाची. फहमिदाची हिरवी, तिच्याच आठवड्यात लागलेल्या सोयगावच्या बन्सीची जांभळी. रंग बघून सर कुणाची चूक ते जागच्या जागी सांगत, म्हणून पोरं टिक करताना दहादा विचार करायची.

वैजापूरच्या एका जिनिंगवाल्याला तर तिनं घाम फोडला होता. तो म्हणाला, गोदामात साडेतीनशे गाठी आहेत, मी सांगतोय ना. फहमिदानं ओढणी कमरेला खोचली, कापसाच्या गाठींच्या थप्पीवर चढली आणि दीड तास मोजत बसली. तीनशे आठ भरल्या. उतरली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली होती. जिनिंगवाला सरांना फोनवर म्हणाला, पुढच्या वर्षी कुणालाबी पाठवा, पण ही बाई नको. सर ती गोष्ट प्रत्येक नव्या आर्टिकलला सांगत. नुकतीच लागलेली वहिदा नावाची मुलगी होती, तिलाही आठवड्यापूर्वी सांगून झाली होती.

तर अशी ही फहमिदा. जगाचे कागद तपासणारी. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो, ते तिला दोन हजार सहाच्या जानेवारीत, एका मंगळवारी अकरा वाजता कळलं.

त्या दिवशी ती आणि बन्सी शेवटच्या परीक्षेचा फॉर्म भरायला बसले होते. सी.ए. व्हायचं तर आधीची परीक्षा पास झाल्यावर एखाद्या सी.ए.च्या हाताखाली तीन वर्षं काढावी लागतात, तेव्हा कुठं शेवटच्या परीक्षेला बसता येतं. पण ही तीन वर्षं नुसती काढून भागत नाही. कामाला लागल्याबरोबर सरांच्या सहीचा नोंदणीचा फॉर्म मुंबईच्या कचेरीत जावा लागतो. तिथं नाव चढलं तरच ती वर्षं धरतात, नाहीतर ती नुसती हमाली. बन्सीनं आपलं नोंदणीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं, त्यावरचा नंबर फॉर्मात उतरवला आणि म्हणाला, "तुझं पत्र कुठंय?"

"बद्रीनाथकाकांकडे असेल."

असेल. तीन वर्षांत हा शब्द तिनं दुसऱ्या कुणाकडून खपवून घेतला नसता. पण स्वतःच्या बाबतीत तिनं कधी विचारलंच नव्हतं. फॉर्मावर सरांनी तिच्यासमोर सही केली होती, तिनं स्वतः फोटो चिकटवला होता, बद्रीनाथकाकांनी "टाकतो पोष्टात" म्हणून पाकीट उचललं होतं. झालं. पुढं दर महिन्याला विद्यावेतन मिळत गेलं, काम वाढत गेलं, आणि तिच्या मनात त्या फॉर्मासमोर न बघताच टिक पडली.

बद्रीनाथ हा त्या ऑफिसचा कारकून. सरांच्या वडिलांच्या वकिलीपासून इथंच चिकटलेला, पासष्टीचा, डोक्याला पांढरी टोपी. बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्याच्या हातून जायचा. डिंक त्याचा, लाख त्याची, तिकिटं त्याची, आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगाही त्याच्याच कडोसरीला. माणूस गोड. फहमिदाला तो बेटी म्हणायचा आणि रमजानमध्ये तिच्यासमोर चहा प्यायला लाजायचा.

"काका, माझं मुंबईचं पत्र द्या," ती म्हणाली.

"पत्र नाय आलेलं, बेटी."

"असं कसं? तीन वर्षं झाली."

"फॉर्म जाईल तव्हा पत्र यील ना," बद्रीनाथ म्हणाला. सोमवारी दुकान बंद असतं हे सांगावं इतक्या सहज.

फहमिदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "फॉर्म कुठंय?"

तिला पुढं पुष्कळ दिवस छळलं ते याच गोष्टीनं. त्यानं शोधलं नाही. कपाळाला हात लावला नाही, अरेच्चा म्हणाला नाही. सरळ उठला, लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडला आणि वरचं एक पाकीट बाजूला सारून दुसरं काढून तिच्या हातात दिलं. वर मुंबईचा पत्ता, तिकिटं लावलेली, डिंक लावायचा तेवढा राहिलेला. आत फॉर्म. सरांची सही, सतरा फेब्रुवारी दोन हजार तीन. आणि कोपऱ्यात तिचा फोटो, एकवीस वर्षांची फहमिदा, केसांचा भांग ओला, आता सी.ए. होणारच अशा नजरेनं बघणारी.

"तुमच्या अब्बांनीच थांबवलं व्हतं," बद्रीनाथ म्हणाला. "पहिल्याच हप्त्यात आले व्हते. म्हणले, बद्रीनाथभाऊ, जालन्याचं स्थळ आलंय, लगीन ठरत आलंय, फॉर्म जरा थांबवा, मी सांगतो तव्हा पाठवा. त्यांनी सांगितलंच नाय. मी वाट बघून राह्यलो."

"तीन वर्षं?"

"आता बापाच्या शब्दाबाहेर मी कसा जाणार? आन् मला वाटलं, लगीन व्हईपर्यंत पोरगी चार अक्षरं शिकतीय, बरंच हाय की."

पायाखालची जमीन सरकते असं लोक म्हणतात. फहमिदाची सरकली नाही. उलट सगळं जिथल्या तिथं होतं, पंखा फिरत होता, बन्सी पेन घेऊन बसला होता, वहिदा खाली मान घालून बेरजा मारत होती, आणि हेच तिला भयंकर वाटलं. वैजापूरच्या गाठी, पैठणच्या पतपेढीत चाळलेल्या वह्या, फर्दापूरच्या हॉटेलाची ती तेलकट बिलं, रात्ररात्र जागून केलेले ताळेबंद. यातलं एकही तिच्या नावावर नव्हतं. आणि समोर उभा असलेला हा म्हातारा तीन वर्षं रोज तिला पाणी देताना मनात म्हणत होता, की पोरीचं लगीन होईपर्यंत चाललंय.

"अजून किती आहेत त्यात?" तिनं विचारलं.

खणात आणखी पाकिटं होती. बद्रीनाथनं तीन नावं सांगितली. सगळ्या मुली. तिच्याआधीच्या. कुणाचे वडील येऊन सांगून गेले, कुणाचा मामा. तिघीही सहा महिन्यांत लग्न होऊन गेल्या. "माझा अंदाज कधी चुकला नाय," बद्रीनाथ म्हणाला. "तुमचंच काय ते येगळं झालं."

मुलांचे फॉर्म मात्र तिसऱ्या दिवशी जायचे. हे तिनं विचारलं नाही. बन्सीचं पत्र समोरच पडलं होतं.

सरांच्या खोलीत जाऊन तिनं फॉर्म टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आपलीच सही आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख बघून त्यांचा चेहरा उतरला. आधी बद्रीनाथला हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं.

"मेची परीक्षा तर गेलीच," ते शेवटी म्हणाले. "पण वर्षं वाचवता येतील. उशीर माफ करा म्हणून अर्ज करू. कारण चांगलं पाहिजे. टपालात गहाळ झालं असं लिहू. सरकारी टपाल, कोण बघायला जातंय?"

फहमिदा त्यांच्याकडे बघतच राहिली. ऑडिटरला कान नसतात म्हणणारा हाच माणूस. खरं सांगायचं तर बद्रीनाथच्या खणापेक्षा हा धक्का मोठा होता. खण निदान लोखंडाचा होता.

"आणि खरं लिहिलं तर?" तिनं विचारलं.

"खरं काय लिहिणार? मुलीच्या वडिलांनी सांगितलं म्हणून ऑफिसनं फॉर्म दाबून ठेवला? ते माफ करतील असं मला वाटत नाही. उलट मला विचारतील, सही करून झोपला होतात का."

"संध्याकाळपर्यंत सांगते, सर," ती म्हणाली आणि फॉर्म घेऊन जिना उतरली.

खाली कोपऱ्यावर पानटपरी होती. रोज सकाळी अब्बा तिला स्कूटरवरून इथं सोडायचे. इथंच. ऑफिसच्या दारापाशी नाही, वर तर नाहीच. पहिल्या आठवड्यात तीनदा वर आले होते, पेढे वाटून गेले होते. नंतर पाऊलही ठेवलं नाही. वर चला म्हटलं की म्हणायचे, "नक्को बेटा, साहब लोगां का दफ्तर है." ती मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, आमचे अब्बा फार लाजाळू. टपरीसमोर उभं राहून तिला आता त्या लाजेचा अर्थ कळला आणि ती तशीच बसस्थानकाकडे निघाली.

अब्बा, म्हणजे कमरोद्दीन, मध्यवर्ती बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये माईकसमोर बसायचं आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते पुकारायचं. त्यांचा आवाज असा खणखणीत, की गावाकडच्या बाया तो आवाज ऐकूनच उठायच्या, पाटी वाचायच्या नाहीत. फहमिदा केबिनपाशी पोचली तेव्हा ते सिल्लोड गाडी पुकारत होते. भरदुपारी मुलीला बघून त्यांनी माईक बंद केला.

"क्या हुआ बेटा? तबियत?"

तिनं फॉर्म टेबलावर ठेवला. कमरोद्दीननी फोटो बघितला आणि त्यांना वाचायची गरज पडली नाही. हात हळूच माईकवरून खाली आला.

"भेज्या नहीं उन्होंने?" ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलं नाही."

केबिनबाहेर एक माणूस काचेवर टकटक करून कन्नड गाडी विचारत होता. कमरोद्दीननी त्याच्याकडे बघितलंही नाही. मग तुटक तुटक बोलले. जालन्याचे लोक येणार होते. कुणीतरी सांगितलं, तो फॉर्म म्हणजे तीन वर्षांचा करार असतो, मुलगी बांधली जाते, सासरच्यांना कळलं तर नाही म्हणतील. म्हणून चार दिवस थांबवा म्हटलं. लोक आले, तुझ्या हातची खीर खाल्ली, गेले, आणि पंधरा दिवसांनी निरोप आला की नको.

"तेव्हा का नाही सांगितलं, पाठवा म्हणून?"

कमरोद्दीननी मान खाली घातली. "कैसे बोलता? मी त्याला सांगून बसलो व्हतो, रिश्ता पक्का झालाय. पेढे दिले व्हते त्याला. आता जाऊन म्हणायचं, पाठवा, म्हणजे पोरीला नाही म्हणले हेच सांगायचं ना? औरंगपुऱ्यात सगळ्यांना कळलं असतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता... मग वाटलं, त्यानं पाठवलंच असेल. तू रोज जात व्हती. खूश व्हती. मैं समझा, हो गया होगा."

असेल. होगा. घरात हा शब्द कुणाचा होता ते फहमिदाला कळलं. तिनं स्वतः तो उचलला होता आणि तीन वर्षं त्यावर निजली होती.

तिला वाटत होतं आपण ओरडू. पण ओरडायचं कुणावर? हा माणूस तिच्या परीक्षेच्या दिवशी रमजान नसताना रोजा धरायचा. तिच्यासाठी जाडजूड पुस्तकं पुण्याहून येणाऱ्या कंडक्टरांकडून मागवायचा. आणि एक वाक्य, तीन शब्दांचं, त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, कारण ते म्हणायला जिना चढावा लागत होता.

"सर म्हणतात, टपालात हरवलं असं लिहू," ती म्हणाली.

कमरोद्दीनच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला. "हौ, वोइच लिख दे. बढिया है. कुणाचंच नाव नको त्यात."

"माझं आहे त्यात," फहमिदा म्हणाली. "खाली सही माझी लागते, अब्बा. आणि पुढं आयुष्यभर मी दुसऱ्यांना कागद दाखवा म्हणायचं. कोणत्या तोंडानं?"

कमरोद्दीननी फॉर्म उलटा करून ठेवला.

"वर चला. आत्ता. माझ्याबरोबर."

कमरोद्दीननी माईकवर शेजारच्या माणसाला बसवलं. पानटपरीपाशी सवयीनं स्कूटर थांबली. मग कमरोद्दीननी ती तशीच पुढं घेतली, दारासमोर लावली आणि कठड्याला धरून जिना चढले. एकोणीस पायऱ्या होत्या. तीन वर्षं त्यांना त्या चढता आल्या नव्हत्या.

ऑफिसात सगळे होते. बद्रीनाथ तोंडभर हसून उठला. "या, लई दिसांनी."

"बद्रीनाथभाऊ," कमरोद्दीन म्हणाले. ज्या आवाजानं अख्खं बसस्थानक उठायचं तो आवाज पुढच्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता. "ते कागद पाठवा. जालन्याचा रिश्ता तुटला. तीन वर्षं झाली त्याला."

बद्रीनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. मग खरोखरच न कळून म्हणाला, "येवढंच व्हय? मंग तव्हाच सांगायचं ना. आमच्या पोरीचं, द्वारकीचं, तर तीनदा मोडलं."

कमरोद्दीन खुर्चीत बसले. बन्सीनं धावत जाऊन पाणी आणलं. फहमिदाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि दोन्हीचा तिला राग आला. तीन वर्षं. एका माणसाची शरम आणि दुसऱ्यानं राखलेला त्याचा शब्द, या दोहोंच्या मधल्या एकोणीस पायऱ्यांवर तिची तीन वर्षं सांडली होती.

अर्ज तिनंच लिहिला, सरांच्या टेबलावर. टपालाचा उल्लेख नाही. फॉर्म वडिलांनी थांबवला, ऑफिसनं थांबवला, मी तपासलं नाही. कमरोद्दीननी वाचलं आणि खाली उर्दूत सही केली. सरांनी दोनदा वाचलं. पेन उचललं, ठेवलं, परत उचललं.

"अजून एक ओळ घाल," ते म्हणाले. "फॉर्मावर मी सही केली, पण पोस्टाची पावती मागितली नाही. ते माझं राहिलंय." त्यांनी सही केली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "आणि नाही म्हणाले तर?"

"तर आजपासून धरा, सर. आजच्या तारखेचा दुसरा फॉर्मही बरोबर देते."

ती चोवीस वर्षांची होती. सत्तावीस होतील. कमरोद्दीनही मनातल्या मनात तेच मोजत असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते.

"काका, त्या खणाची किल्ली द्या," फहमिदा बद्रीनाथला म्हणाली.

"कशाला?"

"द्या."

त्यानं जुडग्यातून किल्ली सोडवून दिली. तिनं खण उघडला. मघाशी बद्रीनाथनं जे पाकीट बाजूला सारलं होतं, ते वरच होतं. जुनी तीन पिवळी पडलेली, हे मात्र कोरं करकरीत. मघाशी तिच्या डोळ्यांना ते दिसलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. तिनं उलटं करून नाव वाचलं.

बद्रीनाथ घाईनं म्हणाला, "ते असू द्या. तिचा भाऊ परवाच येऊन सांगून गेलाय."

फहमिदा पाकीट घेऊन वहिदाच्या टेबलापाशी गेली. वहिदा बेरीज करत होती, पेन्सिल नवी होती, नारिंगी. सकाळपासून ऑफिसात काय चाललंय ते तिनं ऐकलं होतं, पण नव्या माणसानं मान वर करू नये म्हणून करत नव्हती.

"तुझा फॉर्म मुंबईला गेला का गं?" फहमिदानं विचारलं.

"हौ आपा, गया ना," वहिदा म्हणाली. "पिछले हफ्तेच गया. काका ने डाल्या."

फहमिदानं पाकीट तिच्यासमोर ठेवलं. वहिदानं आधी पत्ता वाचला. मग आतला कागद ओढला, आणि कोपऱ्यातून तिचाच फोटो तिच्याकडे बघू लागला. तिचं तोंड उघडं राहिलं. तिनं एकदा बद्रीनाथकडे बघितलं, एकदा खुर्चीत बसलेल्या कमरोद्दीनकडे, आणि मग हळूहळू तिला आपल्या भावाची आठवण झाली असावी, कारण चेहऱ्यावरचा रंग गेला. तो चेहरा फहमिदाला ओळखीचा वाटला. सकाळी अकरा वाजता तिचा स्वतःचा असाच झाला असणार.

"पाठवायचा का?" फहमिदा म्हणाली. "तू सांग. बाकी कुणाला नाही विचारणार मी."

वहिदानं होकाराची मान हलवली, दोनदा. मग ओढणी सावरून उठली.

दोघी जुन्या बाजारातल्या मोठ्या पोस्टापर्यंत चालत गेल्या. रजिस्टरच्या खिडकीवर रांग होती. कारकुनानं दोन्ही पाकिटं तोलली, शिक्के मारले आणि दोन पावत्या काढून दिल्या. वहिदानं आपली पावती न बघताच पर्समध्ये टाकली.

"काढ ती बाहेर," फहमिदा म्हणाली. "आधी वाच."